घरचें विमान आणि कारखान्याचें विमान

मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिक सोडलें म्हणजे थोड्याच वेळांत ओझर लागतें. येथें १९६४ सालापासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आणि पंचक्रोशींतील लोकांच्या तोंडीं गांवाचें नांवहि 'ओझर मिग' असेंच होऊन बसलें आहे. याच रस्त्यानें पुढें चांदवड आणि मालेगांव ओलांडून गेलें कीं धुळें येतें. धुळ्याच्या लहानशा धावपट्टीवरून २०२० सालीं एक निराळेंच विमान उडालें. तें कोणत्याहि कारखान्यांत जन्मलें नव्हतें. मुंबईच्या उपनगरांत, कांदिवलीच्या चारकोप भागांत, एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर तें जोडलेलें होतें.

एकाच रस्त्यावरच्या या दोन गांवीं विमानांचीं दोन कुळें नांदून गेलीं. एकाच्या मागें सरकार, हजारों कामगार आणि परदेशाशीं झालेले करार. दुसऱ्याच्या मागें एक वैमानिक, त्याचें कुटुंब आणि कर्ज काढण्याची तयारी. यांतील अधिक सुरक्षित कोणतें, हा प्रश्न सुशिक्षित घरांत सहज विचारला जातो व त्याचें उत्तरहि तितक्याच सहजपणें दिलें जातें. उत्तर मात्र सहज नाहीं. तें आंकड्यांत आहे, आणि आंकडे वाचण्यापूर्वीं तीं कुळें कशीं वाढलीं हें पाहणें जरूर आहे.

इतिहास पाहूं गेल्यास घरचें कुळच थोरलें ठरतें. ऑर्व्हिल व विल्बर राइट हे अमेरिकेंतील डेटन गांवचे सायकलींचे दुकानदार. १९०३ च्या १७ डिसेंबरला किटी हॉकजवळच्या वाळूवर जें यंत्र बारा सेकंद हवेंत राहून १२० फूट गेलें, त्याचा सांगाडा या भावांनीं स्वतःच्या हातानें तयार केला होता, आणि त्याचें बारा अश्वशक्तीचें इंजिन त्यांच्या दुकानांतील चार्ल्स टेलर या यंत्रकारानें सुमारें सहा आठवड्यांत घडविलें होतें. त्या दिवशींचें चौथें व शेवटचें उड्डाण ५९ सेकंदांचें झालें. त्यानंतर वाऱ्याच्या झोतानें विमान उलथून मोडलें. म्हणजे पहिल्याच दिवशीं घरच्या विमानाच्या वहींत चार उड्डाणें आणि एक मोडतोड जमा झाली! पुढें सांतोस-द्युमाँ या ब्राझीलच्या हौशी गृहस्थानें आपल्या 'देम्वाझेल' नांवाच्या चिमुकल्या विमानाचे नकाशे कोणासहि वापरण्याची मुभा दिली, आणि १९१० सालीं ते एका अमेरिकन मासिकांत छापूनहि आले. ज्याच्या अंगीं सुतारकाम आणि धैर्य होतें त्यानें विमान करावें, असा तो काळ होता.

पहिल्या महायुद्धानें हें पारडें फिरविलें. सरकारांना हजारोंच्या संख्येनें, एकासारखीं एक विमानें हवीं झालीं. आणि एकासारखी एक वस्तु करणें हाच तर कारखान्याचा धर्म. हौशी लोक मागें पडले, पण संपले नाहींत. १९३४ सालीं आन्री मिन्ये या फ्रेंच माणसानें एक पुस्तक लिहून, खोकें करतां येणाऱ्या कोणासहि आपलें विमान करतां येईल अशी हमी दिली. त्याच्या त्या विमानास इंग्रजीत 'उडती पिसू' असें गमतीचें नांव पडलें. फ्रान्स व ब्रिटन या देशांत शेंकडों लोकांनीं पिसवा बांधावयास घेतल्या. मग माणसें मरूं लागलीं. फार्नबरोच्या वातबोगद्यांत तपासणी केली तेव्हां असें दिसून आलें कीं, एका मर्यादेपलीकडे नाक खालीं गेलें म्हणजे दोन पंखांमधील वाऱ्याची गति बिघडते व चालकानें कितीहि दांडी ओढली तरी विमान वर येत नाहीं. १९३६ त त्याच्या उड्डाणावर बंदी आली. येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावयास हवी. दोष बांधणाऱ्यांच्या हातांत नव्हता. तो मूळ आंखणींत होता, आणि आंखणी तपासण्याचें साधन कोणाच्याहि घरीं नव्हतें.

आपल्याकडे हा विषय निघाला कीं शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव घेतल्यावांचून कोणी राहत नाहीं. १८९५ सालीं त्यांनीं गिरगांवच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, अशी कथा पुष्कळ घरांत सांगितली जाते. तळपदे हे व्यासंगी व उद्योगी गृहस्थ होते यांत शंका नाहीं. परंतु त्या यंत्राचें माप, वजन, शक्ति किंवा हवेंत राहिल्याचा काळ यांपैकीं पडताळून पाहतां येईल असें विश्वसनीय टिपण पुढें आलेलें नाहीं. ज्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाशीं या कथेचा संबंध जोडतात, त्याची चिकित्सा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांतील आहे व त्यांत वर्णन केलेलीं विमानें उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निर्णय होता. तळपद्यांविषयींचा आदर कायम ठेवूनहि, ज्याचा आंकडा नाहीं तें विमान या हिशेबांत धरतां येत नाहीं.

कारखान्याच्या कुळाचा मूळ पुरुष मात्र महाराष्ट्राच्या चांगला परिचयाचा आहे. सोलापुरास जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं नाशिक जिल्ह्यांतच, मालेगांव तालुक्यांत, रावळगांवचा साखरेचा उद्योग उभारला होता. त्याच वालचंदांनीं १९४० च्या डिसेंबरांत म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षीं तेथें जोडलेलें हार्लो जातीचें शिक्षण-विमान हवेंत गेलें, आणि १९४२ त युद्धाच्या निकडीमुळें सरकारनें कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. उसाच्या मळ्यांतून विमानाकडे जाणारा हा मार्ग आज विचित्र वाटेल. पण ज्यानें जहाजें व मोटारी यांचाहि उद्योग मनांत धरला त्याला तो वाटला नसावा.

ओझरची हकीगत याच्या पुढची आहे. १९६२ च्या ऑगस्टांत सोव्हिएट रशियाशीं मिग-२१ विमानांचा करार झाला. त्याच वर्षीं चीनची स्वारी आली आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६३ त ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कारखाना नाशिकच्या वांट्यास आला तो त्यांच्यामुळें, असें नाशिककर मानीत आले आहेत. विमानाचा सांगाडा ओझरास, इंजिन ओरिसांतील कोरापुटास व इलेक्ट्रॉनिक साधनें हैदराबादेस, अशी वांटणी झाली. मिग-२१ च्या एफएल, एम व बिस या तीन जाति येथें क्रमानें झाल्या. तिन्ही मिळून पांचशेंहून अधिक विमानें येथून बाहेर पडलीं. त्यामागून मिग-२७ आलें, आणि २००० सालच्या करारानुसार सुखोई-३० चें काम सुरू झालें. १४ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला करणारीं मिग-२१ विमानें एफएल याच जातीचीं होतीं.

परंतु याच विमानास पुढें 'उडती शवपेटी' असें नांव पडलें. ज्या घरांतील कर्त्या माणसांनीं आपली हयात ओझरच्या जोडणी-रांगेवर घालविली, त्यांना हा शब्द काय वाटला असेल याची कल्पना करावी. त्याच्या मुळाशीं असलेला आंकडा खोटा नाहीं. १९ एप्रिल २०१२ पर्यंत हवाई दलानें घेतलेल्या ८७२ मिग विमानांच्या ४८२ अपघातांची नोंद झाली, आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक, सैन्यदलाचे इतर ८ जण व एक विमान-कर्मचारी असे लोक प्राणास मुकले, असें तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनीं २०१२ सालीं संसदेस सांगितलें. हा आंकडा वाचून मन सुन्न होतें, आणि सुन्न मनानें गणित करूं नये. अर्ध्याहून अधिक विमानें पडलीं हें खरें. पण तीं किती वर्षांत पडलीं? सुमारें सेहेचाळीस वर्षांत. त्या वर्षांत तीं एकूण किती तास उडालीं? कोणत्या कामासाठीं उडालीं? जमिनीलगत, अतिवेगानें, लढाईचा सराव करतांना पडलेलें विमान आणि प्रवासी घेऊन सरळ जाणारें विमान यांची तुलना आगगाडीची शर्यतीच्या घोड्याशीं केल्यासारखी होय.

म्हणून हवाई दल आपला हिशेब दर दहा हजार उड्डाण-तासांमागें किती अपघात, असा मांडतें. २००० ते २००५ या काळांत हें प्रमाण ०.९३ होतें, २०१७ ते २०२२ या काळांत तें ०.२७ वर आलें, असें संसदेच्या समितीपुढें सांगण्यांत आलें. हा उतार लहान नव्हे. त्याचीं कारणें अनेक आहेत, पण त्यांतील एक आपल्या विषयाशीं थेट निगडित आहे. १९८२ सालीं एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीनें असें दाखविलें कीं, मंदगति शिक्षण-विमानावरून तरुण वैमानिकास एकदम मिगसारख्या विमानावर चढविणें धोक्याचें आहे. मध्यें एक पायरी हवी. ती पायरी म्हणजे प्रगत जेट शिक्षण-विमान. त्याचा करार २००४ सालीं झाला आणि ब्रिटिश हॉक विमानें २००८ सालीं दलांत आलीं. शिफारस आणि विमान यांमध्यें सव्वीस वर्षें गेलीं! या विलंबाची किंमत यंत्राच्या नांवावर मांडली गेली, हा मिगवर झालेला मोठा अन्याय होय.

आतां दुसऱ्या कुळाचे आंकडे. ते आपल्या देशांत मिळणें शक्य नाहीं, कारण घरचीं विमानें येथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच झालीं, आणि एकदोन विमानांवरून सरासरी निघत नाहीं. त्यासाठीं अमेरिकेकडेच पाहिलें पाहिजे. तेथें घरच्या विमानांचा स्वतंत्र वर्ग कायद्यानें मानला आहे. विमानाचें अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसानें स्वतःच्या शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं केलेलें असावें, ही त्याची मुख्य अट. १९५३ सालीं मिलवॉकी येथें पॉल पोबेरेझ्नी यानें अशा लोकांची संस्था स्थापन केल्यावर हा छंद झपाट्यानें वाढला. पुढें कारखानेच तयार सुटे भाग पेटींत घालून विकूं लागले. ओरेगन प्रांतांतील व्हॅन्स या कंपनीच्या भागांपासून लोकांनीं घरोघर जोडून उडविलेलीं विमानें दहा हजारांवर गेलीं आहेत. तेव्हां 'घरचें' या शब्दांतहि कारखान्याचा बराच अंश शिरला आहे, हें विसरतां कामा नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१२ सालीं या विमानांची कसून पाहणी प्रसिद्ध केली. त्या वेळीं तेथें अशीं सुमारें ३३,००० विमानें होतीं. खासगी व किरकोळ उड्डाणाच्या एकूण विमानांत त्यांचा वांटा शेंकडा जवळजवळ १० होता. पण २०११ सालच्या अपघातांत तो शेंकडा १५ आणि प्राणघातक अपघातांत शेंकडा २१ भरला. साधें त्रैराशिक केलें तरी, विमानागणिक प्राणघातक अपघाताचें प्रमाण उरलेल्या विमानांच्या जवळजवळ अडीचपट येतें. शिवाय हौशी मनुष्य आपलें विमान रविवारीं, हवा चांगली असेल तेव्हां उडवितो. शिक्षणसंस्थेंतील वा भाड्याचें विमान दिवसभर राबतें. म्हणून तासांचा छेद धरला तर घरच्या विमानाची बाजू सुधारत नाहीं, उलट आणखी पडते. एवढ्यावर कोणी वही मिटील आणि म्हणेल, निकाल लागला.

पण पाहणीचा खरा लाभ पुढच्या पानांत आहे. अपघात कशानें झाले? पंख गळून पडले, सांगाडा मोडला, असें क्वचितच आढळलें. सुताराचा किंवा लोहाराचा हात कच्चा निघाला नाहीं. मुख्य कारणें दोन: इंजिन व त्याच्या इंधन-योजनेंतील बिघाड, आणि हवेंत विमानावरील ताबा सुटणें. चालक नवशिके होते काय? तेंहि नव्हे. त्यांचा एकूण उड्डाणाचा अनुभव इतर चालकांइतका, कधीं अधिकहि होता. मात्र त्या विशिष्ट जातीच्या विमानावरचा अनुभव फारच थोडा होता. अपघातांचा मोठा वांटा विमानाच्या आयुष्याच्या आरंभींच पडला. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे, २०११ च्या पाहणींतील २२४ अपघातांपैकीं अर्ध्याहून अधिक विमानें मूळ बांधणाऱ्याच्या हातांत नव्हतीं. तीं दुसऱ्यानें विकत घेतलेलीं होतीं. त्यांपैकीं १४ अपघात तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणांत झाले.

याचें प्रसिद्ध उदाहरण जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाचें आहे. त्यानें लाँग-ईझी जातीचें घरीं बांधलेलें विमान दुसऱ्याकडून घेतलें आणि १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरांत तें कोसळून तो मृत्यु पावला. त्या विमानाच्या नकाशांत इंधनाची टांकी बदलण्याची चावी चालकाच्या पायांमध्यें दाखविलेली होती. बांधणाऱ्यानें ती चालकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती. बांधणाऱ्यास ती कोठें आहे हें झोंपेंतहि ठाऊक असणार. नव्या मालकास मान वळवून ती शोधावी लागली, आणि तसें करतांना विमानावरील ताबा सुटला, असें चौकशींत दिसलें. घराच्या मालकास अंधारांतहि आपल्या जिन्याची पायरी सांपडते, पाहुण्यास सांपडत नाहीं, तशांतला हा प्रकार.

येथें कारखान्याचें खरें बळ कशांत आहे तें उमगतें. सेसना १७२ हें चार माणसांचें साधें विमान १९५५ त प्रथम उडालें व त्याच्या ४४,००० हून अधिक प्रति निघाल्या. त्यांपैकीं एकांत दोष सांपडला कीं त्याची सूचना सर्व मालकांस जाते. एकावर शिकलेला मनुष्य दुसऱ्यावर बसतो तेव्हां चावी त्याच जागीं असते. घरचें विमान एकटें जन्मतें. त्याला भावंडें नाहींत, म्हणून दुसऱ्याच्या ठेंचेचा उपयोगहि त्याला होत नाहीं. पत्र्याची जाडी किंवा खिळ्यांची बळकटी यांपेक्षां हाच भेद मोठा दिसतो.

मात्र आरंभाचा धोका कारखान्यासहि चुकत नाहीं, आणि हें नाशिक जिल्ह्याइतकें कोणास ठाऊक असणार? २७ जून २०१८ रोजीं ओझरहून चांचणीस निघालेलें, हवाई दलाच्या हवालीं व्हावयाचें असलेलें नवें सुखोई विमान पिंपळगांव बसवंतजवळ वावी-ठुशी येथें कोसळलें. ४ जून २०२४ रोजीं दुरुस्तीनंतरच्या चांचणींतील दुसरें एक सुखोई निफाड तालुक्यांतच शिरसगांवच्या शिवारांत पडलें. दोन्ही वेळां दोघेहि वैमानिक आसनासकट बाहेर फेंकले जाऊन बचावले. निफाडच्या शेतकऱ्यास आपल्या रानांत काय पडलें तें पाहतांना विमान कोणत्या कुळाचें याचें सोयरसुतक नव्हतें. फरक असा कीं, कारखान्यांत ही कसोटी पगारी व त्याच कामांत मुरलेला चांचणी-वैमानिक घेतो, आणि सुटकेचें आसन त्याच्याखालीं असतें. घरच्या विमानांत बांधणाराच बहुधा चांचणी-वैमानिक होतो. अमेरिकन नियमांत अशा विमानानें पहिले २५ किंवा ४० तास ठराविक वस्तीबाहेरच्या टापूंत प्रवाशाशिवाय काढावेत असें आहे. ती सक्ती जाचक वाटली तरी पाहणीचे आंकडे वाचल्यावर तिचें कारण पटतें.

चारकोपच्या गच्चीवरील विमानाची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचावी. कॅप्टन अमोल यादव हे अमेरिकेंत उड्डाण शिकलेले, पूर्वीं जेट एअरवेजचे वैमानिक होते. १९९८ पासून त्यांनीं विमान बांधण्याचा ध्यास घेतला. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरें, एका इंजिनाचें सहा आसनी विमान, त्यांनीं राहत्या इमारतीच्या गच्चीवर उभें केलें. उदवाहनांतून तें खालीं येणें शक्य नव्हतें. २०१६ च्या फेब्रुवारींत यारीनें उतरवून तें वांद्रे-कुर्ला संकुलांतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत मांडलें गेलें आणि लोकांची रीघ लागली. विमान तयार होतें. कागद तयार नव्हता. आपल्या विमान वाहतूक खात्याचे नियम कारखान्याचें विमान डोळ्यांपुढें ठेवून केलेले. गच्चीवर जन्मलेलें मूल कोणत्या रकान्यांत लिहावें, हें ठरावयास बराच काळ गेला. २०१७ च्या नोव्हेंबरांत व्हीटी-एनएमडी हा नोंदणी-क्रमांक मिळाला, २०१९ त उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० त धुळ्यास चांचणी झाली.

या दिरंगाईबद्दल खात्यास दोष देणें सोपें आहे, आणि कांहीं अंशीं तो योग्यहि आहे. तरीहि उडत्या पिसवेची हकीगत जाणणाऱ्या अधिकाऱ्याचा हात सही करतांना थबकला, तर त्यास सर्वस्वीं नांवें ठेवतां यावयाचीं नाहींत. खरी उणीव निराळी आहे. अमेरिकेंत हौशी माणसाच्या पाठीशीं पन्नास वर्षांची वही आहे: कोणतें इंजिन कितव्या तासास बंद पडलें, कोणत्या जातीचें विमान कितव्या उड्डाणांत पडलें, मालक पहिला कीं दुसरा. ती वही पाहून तेथील मंडळानें नव्या मालकांनीं त्या जातीच्या विमानावर आधीं शिकवणी घ्यावी व इंधन-योजनेची चांचणी पहिल्या उड्डाणापूर्वीं जमिनीवरच करावी, अशा शिफारसी केल्या. आपल्याकडे वहीचें पहिलें पानच अजून भरावयाचें आहे, आणि धुळ्याचें विमान ही त्यांतील पहिल्या कांहीं ओळींपैकीं एक आहे.

ओझरची वही मात्र भरत गेली. मिग-२७ विमानें २७ डिसेंबर २०१९ रोजीं जोधपुरास निवृत्त झालीं, आणि मिग-२१ विमानांनीं २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगडास शेवटचा निरोप घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनीं, १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं, ओझरच्या धावपट्टीवरून तेथेंच जोडलेलें पहिलें तेजस मार्क-१ए विमान हवेंत गेलें. त्याच दिवशीं तेथें दुसरीहि एक जोडणी-रांग सुरू झाली. ती एचटीटी-४० या विमानाची आहे: नवशिक्या वैमानिकानें पहिल्या पायरीवर बसावयाचें विमान.